काट्यापर्यंतचं पाणी

साहेब फार हुशार आहे असं शहापुरात म्हणत. शहापुरात काय, कोट घातलेला कोणीही हुशारच असतो.

अठ्ठावन्न सालच्या चैत्रात तो डोळखांबहून सायकल हाकत आमच्या पाड्यात आला. यमाजीच्या खळ्यात त्यानं पत्र्याचं एक रुंद भांडं मांडलं आणि वरून जाळी बसवली. पाड्याखालच्या खोलगटात सरकार तलाव करणार होतं. रोज उन्हानं किती पाणी आटतं ते आधी मोजायचं, मग तलाव किती खोल खणायचा ते ठरवायचं, असं तो आमच्या पंचांना सांगत होता. भांड्यात एक पितळी काटा उभा होता. काट्याच्या टोकापर्यंत पाणी भरायचं आणि दुसऱ्या सकाळी जेवढं उतरेल तेवढं मापानं ओतून वहीत लिहायचं. उन्हाळ्यात पाणी आटतं हे आमच्या शेरडांनाही ठाऊक होतं, पण शेरडांना सही करता येत नाही.

राखणीला यमाजीची बायको हौसा. भांड्याला कोणाचा हात लागता कामा नये, एवढंच तिला सांगितलं. मोजणी कशासाठी ते बाईमाणसाला कोण सांगतो? पहिल्या सकाळी पाणी अर्धं बोट उतरलेलं निघालं. साहेबानं कपाळाला आठी घालून वहीत काहीतरी लिहिलं आणि हौसाला वाटलं, आपल्या राखणीत खोट आली. आमच्याकडे शेजाऱ्यानं राखायला दिलेलं भात मूठभर जरी कमी भरलं, तरी राखणारा ते आपल्यातलं घालून पुरं करतो. नाही केलं तर तो चोर ठरतो आणि त्याच्या ओट्यावर कोणी टेकत नाही.

दुसऱ्या दिवसापासून हौसा उजाडायच्या आत कोसभर खाली झऱ्यावर जायला लागली. दोन हंडे आणायचे आणि साहेब यायच्या आधी त्यातलं हंडाभर पाणी भांड्यात काट्यापर्यंत ओतायचं. उरलेल्या हंड्यावर घरातली सहा माणसं दिवस काढत. यमाजी करवादला, तेव्हा ती म्हणाली, “लोकाची ठेव हाय ती. कमी भरली तं तोंड कुठं दाखवू?”

साहेब डोक्याला ओला पंचा बांधून निघे. पाड्यात पोचेपर्यंत पंचा कडकडीत वाळलेला असे. तो वाकून बघे, पाणी काट्याला टेकलेलं. मग वहीत शून्य लिहायचं, हौसाकडूनच दोन तांबे पाणी मागून प्यायचं आणि सायकलवर टांग टाकायची. सबंध वैशाख त्यानं शून्यं काढली आणि पहिल्या दिवसाचा आकडा चूक समजून खोडला. आपला पंचा वाळतो तर हे पाणी कसं वाळत नाही, असं त्या शिकलेल्या डोक्यात एकदाही आलं नाही.

दिवाळी झाल्यावर तो तलावाच्या आखणीच्या खुंट्या मारायला आला. इथं पाणी आटतच नाही, तेव्हा पुरुषभर खणायची गरज नाही, कमरेएवढा तलाव पुरे, म्हणाला. हौसा तिथंच उभी होती. आपण काय करून बसलो ते तिला तेव्हा कळलं. तिची लाज मला बघवेना. पण ती दहा माणसांत पुढं झाली.

“सायेब, पाणी मी भरीत व्हते. रोज हंडाभर.”

साहेबाला पटलं होतं, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. पण शून्यांखाली त्याची सही होती आणि कागद वर गेले होते.

“बाई, बायकांच्या सांगण्यावर सरकार चालत नाही,” तो म्हणाला.

आमच्या पंचांनी पागोटी सावरली. उथळ तर उथळ, फुकट मिळतोय ना, म्हणून त्यांनी माना डोलावल्या. असल्यांना आम्ही गावाचे मोठे म्हणतो.

उन्हाळ्यात तलाव खणून झाला. पावसाळ्यात तो भरला आणि फाल्गुनात त्याच्या तळाला भेगा पडल्या. बायका पुन्हा झऱ्याच्या वाटेला लागल्या आणि जाता-येता हौसाला बोल लावू लागल्या. हौसा कुदळ घेऊन तळात उतरली आणि खणायला लागली. चार दिवसांनी यमाजी उतरला, मग शेजारची सकुबाई टोपली घेऊन आली.

आठवड्यानं साहेब तपासणीला आला. सरकारी तलाव मंजुरीवाचून खोल करायला कोणी सांगितलं, असं त्यानं काठावरूनच दरडावून विचारलं.

हौसानं कुदळ टेकवली आणि पदरानं तोंड पुसलं.

“तुमीच लिवलंय, इथं पाणी आटत नाय. मंग तलाव खोल झाला काय नि उथळ राहिला काय, तुमाला सारखंच.”

सकुबाई भरली टोपली डोक्यावर घेऊन काठावर साहेबासमोर येऊन थांबली.

“जरा सरा बाजूला, सायेब,” हौसा म्हणाली. “तिथं माती टाकायची हाय.”

साहेब सरला.