डायरेक्ट वायर

आत्मारामने बॅटरीची काळी वायर सोडवली, ती आणि बॅटरी यांच्यामध्ये मीटर जोडला आणि आकडा स्थिर होईपर्यंत श्वास रोखून थांबला. गाडीची दारं लावलेली, दिवे बंद, किल्ली मार्सेल सरांच्या खिशात. तरी आकडा दोनशे दहा मिलिअँपवर येऊन बसला. इतक्या जुन्या गाडीत तो वीस-पंचवीसच्या वर जायला नको होता.

"गाडी झोपलीय सर, पन कोनीतरी बॅटरी पितंय," तो म्हणाला.

नंदाखालच्या शाळेतून निवृत्त झालेल्या मार्सेल सरांची ही गाडी बावीस वर्षांची. चार दिवस उभी राहिली की चालूच होत नसे. बॅटरी नवी टाकली, तिचीही तीच गत झाली. सकाळी सरांचा फोन आला तेव्हा आत्मारामने नाश्ता अर्धा टाकून पेटी उचलली होती. चाळीस वर्षं त्याने गाड्यांच्या वायरिंगचं काम केलं; अर्नाळ्यापासून मनवेलपाड्यापर्यंत, जो फॉल्ट कुणाला सापडत नाही तो आत्मारामला सापडतो, असं लोक म्हणत. दिवाळीनंतर मात्र फोन येणं हळूहळू थांबलं. का, ते त्याला कुणी सांगितलं नाही. सरांच्या वाडीत आपण दोनेक वर्षांनी येतोय, असं त्याला वाटत होतं.

त्याने एकेक फ्यूज काढून पाहिला. चौदा फ्यूज संपले, आकडा हलला नाही. आल्टरनेटरची वायर सोडवली, तरी नाही. ऊन डोक्यावर आलं. सरांनी दोनदा सुचवलं, की राहू द्या, पुन्हा कधी बघू. आत्मारामने मान हलवली. फ्यूजमधून जात नाही, म्हणजे कुणीतरी बॅटरीवरून सरळ वायर ओढली असणार. लाल वायरींच्या जुडग्यात बोटं घालून तो चाचपत गेला, एक वायर आत शिरताना सापडली, तिच्या मागोमाग तो स्टिअरिंगखाली आडवा झाला. मॅट उचलून हात घातला. एक रिले होता, करंट चालू-बंद करणारा, आगपेटीएवढा. सकाळपासून बंद असलेल्या गाडीत तो कोमट लागत होता.

चर्चमध्ये पहाटेच्या मिस्साला जाताना वाडीतली वाट दिसावी म्हणून पुढे एक जादा दिवा बसवला होता, त्याचा हा रिले. त्याला करंट किल्लीतून द्यायचा, म्हणजे गाडी बंद झाली की तोही बंद होतो. इथे तो बॅटरीवरून डायरेक्ट दिला होता. धंद्यात पहिल्या महिन्याला आलेला माणूसही असं करत नाही.

त्याने जोडावर टॉर्च धरला. टेपवरून जाळ्याचा बारीक नायलॉन दोरा घट्ट गुंडाळून गाठ मारली होती. खाऱ्या हवेत टेप सुटतो, म्हणून वर दोरा बांधायची सवय अख्ख्या तालुक्यात एकाच माणसाला होती. काम जुनं असेल, पाच-सात वर्षांपूर्वीचं, असं त्याने स्वतःला सांगून पाहिलं. पण टेप चकचकीत होता. त्यावर धूळसुद्धा बसली नव्हती.

"काय सापडलं?" सरांनी बाहेरून विचारलं.

"कोनीतरी डायरेक्ट दिलंय."

"असेल. जुनी गाडी. किती हात लागलेत तिला."

हे बोलताना सर केळींकडे बघत होते.

आत्मारामने वायर तोडून किल्लीच्या लाइनला जोडली. आकडा अठरावर उतरला. त्याने सरांना बोलावून तो दाखवला, मीटर काढला आणि बॅटरी पुन्हा लावली. सरांच्या पत्नी रीमाबाई चहा घेऊन आल्या. साखर घातली नाही, एवढंच म्हणाल्या. डॉक्टरांनी साखर बंद करून महिनाच झाला होता, आणि हे आपण या घरात कधी बोललो ते त्याला आठवेना. चहा त्याने सावकाश संपवला. मग काम पुरतं करून द्यावं म्हणून त्याने पुढच्या दिव्याचं बटण दाबलं. दिवा पेटला नाही. तो पुन्हा स्टिअरिंगखाली वाकला, वायर नीट करून वर दोरा बांधला आणि बटण दाबलं. दिवा पेटला. समाधानाने त्याने पेटी बंद केली.

रिक्षाने जातो म्हणाला तरी सरांनी ऐकलं नाही. गाडी एका झटक्यात चालू झाली. रेल्वेचा पूल ओलांडून ते पूर्वेला आले. मनवेलपाड्यात सरांनी वाट विचारली नाही. दुसऱ्या गल्लीत वळून त्यांनी बरोबर आत्मारामच्या बिल्डिंगच्या गेटपाशी गाडी उभी केली. गेटात यमुना उभी होती. नवऱ्याला कोण सोडायला आलंय, असं तिच्या चेहऱ्यावर नव्हतं. तिने सरांकडे बघून नुसती मान हलवली.

आत्मारामचा हात दाराच्या कडीवरच राहिला.

"सर, कितव्यांदा?"

सरांनी इंजिन बंद केलं.

"तिसऱ्यांदा."

"मागे सापडलं नव्हतं?"

"दर वेळी सापडतं. तुमच्यासारखं कुणी शोधत नाही." सरांनी किल्ली काढून हातात घेतली. "मग तुम्ही किल्ली न फिरवताच दिवा लावून बघता."

आत्माराम खाली उतरला. बॉनेट उघडायला सांगून त्याने काळी वायर सोडवली, मीटर जोडला. यमुना येऊन शेजारी उभी राहिली. आकडा खाली येत येत दोनशे दहावर थांबला.

यावेळी त्याने जोड सुधारला नाही. पक्कड घेऊन वायर बॅटरीपाशीच तोडली, आतून सगळी ओढून काढली, रिलेही उपटला आणि सगळं यमुनेच्या हातात दिलं.

"दिवा पेटनार नाही आता," तो म्हणाला.

"नको पेटू दे," सर म्हणाले.

"आनि मला बोलवू नका सर. फुलपाड्याला धनेश आहे. माझ्याच हाताखाली शिकलाय. चांगला आहे."

सरांनी फोन काढला. आत्माराम नंबर आठवू लागला. पहिले दोन आकडे सांगून तो अडला.

"मी सांगते," यमुना म्हणाली, आणि दहाही आकडे तिने न अडखळता सांगितले, दिवाळीपासून कितीतरी जणांना सांगून तोंडपाठ झाल्यासारखे.