दक्षिणेच्या भिंतीवरचा बारावा पोर्ट

केबल खोचायच्या पोर्टवरचा हिरवा दिवा लुकलुकत होता.

वायरदादाने आठवड्यात तीन केबल बदलल्या. तिन्ही चांगल्या होत्या.

"पांढऱ्या पायाची," जिन्यात कुणीतरी पुटपुटलं.

तिच्या राजीनाम्याचा कागद टाइप होऊन तयार होता. सही तेवढी राहिली होती.

आता गर्दीकडे या. रक्ततपासणीच्या लॅबमध्ये सगळे भिंतीला पाठ लावून उभे. नवी टेक्निशियन कामावर आली, तिच्यासाठी दक्षिणेच्या भिंतीशी टेबल मांडलं, मशीन त्यावर ठेवलं, आणि त्याच दिवसापासून रिपोर्ट कॉम्प्युटरवर उमटेनासे झाले. म्हणून लहरीतज्ज्ञांना पाचारण! त्यांनी तांब्याची तार फिरवली, डोळे मिटले.

"दक्षिण लहरी पिते! मशीन पूर्वेला न्या. आणि बाईंना घरी."

मशीन पूर्वेच्या जुन्या टेबलावर नेलं. रिपोर्ट धडाधड! टाळ्या. सगळ्यात मोठी टाळी वायरदादाची. नेटवर्कची पदवी भिंतीवर टांगलेला माणूस हा! पण तीन केबल वाया गेल्यावर दोषी दुसरंच कुणी निघालं, तर पदवीलाही हायसं वाटतं.

मॅनेजरने कागद पुढे सरकवला.

"करते सही," टेक्निशियन म्हणाली. "आधी मशीन परत माझ्या टेबलावर ठेवा."

ठेवलं. रिपोर्ट बंद.

"बघा!" तज्ज्ञ गरजले.

"बघतेच आहे. दादा, सगळ्या केबल जिथे जुळतात त्या स्विचचा कुठला पोर्ट कुठल्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे कुठल्या वेगळ्या जाळ्यात आहे, ती यादी काढता?"

"अहो ताई, दिवा हिरवा आहे की!"

"वायर जोडलीय, एवढंच दिवा सांगतो. पलीकडे कोण आहे ते नाही सांगत."

वायरदादाने कमांड दिली. पूर्वेचं टेबल: पोर्ट सात, व्हीलॅन वीस, लॅब. दक्षिणेचं: पोर्ट बारा, व्हीलॅन तीस, पाहुण्यांचं वायफाय. एकाच स्विचच्या पोटातल्या दोन बंद खोल्या. मशीन बिचारं पाहुण्यांच्या खोलीत बसून लॅबला हाका मारत होतं.

वायरदादाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्याने बाराला वीसमध्ये टाकलं. मशीन दक्षिणेला, ताई खुर्चीत, आणि रिपोर्ट धडाधड.

"लहरी वळल्या," तार गुंडाळत तज्ज्ञ म्हणाले.

"हो, कीबोर्डवरून वळल्या," वायरदादा म्हणाला. "आणि टाळ्या मीच पिटल्या! माणसाच्या पायाला दोष देण्याआधी यादी बघावी, एवढी अक्कल मला हवी होती. आता तुम्ही तरी बघत जा."

मॅनेजरने कागद फाडला.

तो पोर्ट पाहुण्यांच्या व्हीलॅनमध्ये वायरदादानेच टाकला होता, ताई कामावर येण्याच्या नऊ दिवस आधी.