हनीफभाईंच्या औषधाची पेटी

मी एक निळी थंड पेटी बोलतेय. बर्फ घालून आतली वस्तू गार ठेवतात ना, तसली. चाकणच्या एका प्लास्टिकच्या कारखान्यात माझा जन्म झाला आणि भोसरीत, हनीफभाईंच्या लेथच्या वर्कशॉपमध्ये मी कामाला लागले. उन्हाळ्यात कामगारांना गार पाणी पाजायचं, एवढंच माझं काम.

पुढे तिथं फ्रिज आला आणि मला माळ्यावर टाकलं. माझ्या पोटात मशीन पुसायच्या चिंध्या कोंबल्या. तिथून सगळं वर्कशॉप दिसायचं. हनीफभाईंची चाल बिघडत चालली होती. पायातली चप्पल निसटून मागे राहायची आणि त्यांना पत्ताच नसायचा. कुणी हटकलं तर म्हणायचे, "शुगर असेल. अब्बांनाही होती." त्यांचे वडील असेच हळूहळू अंथरुणाला खिळून गेले होते.

एका दुपारी लेथवरून उडालेला लोखंडाचा तापलेला तुकडा त्यांच्या बुटात पडला. बीडकडचा कामगार समाधान शेजारच्या मशीनवर होता. त्याला जळका वास आला.

"शेट, पायाकडं बघा. मोजा जळतोय तुमचा."

हनीफभाईंनी खाली पाहिलं. मोज्यातून धूर निघत होता. ते नुसते पाहत राहिले, पाय दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखे.

मग तपासण्या सुरू झाल्या. शुगर नव्हतीच. आजार रक्तातून आला होता, बापाकडून मुलाकडे. त्यांची मुलगी साबिया चाकणच्या कंपनीत क्वालिटीला आहे. तिनं मला माळ्यावरून काढलं, गरम पाण्यानं घासून घासून धुतलं आणि उन्हात वाळवलं. औषध थंड ठेवायचं होतं. आता दर तीन आठवड्यांनी माझ्या पोटात बर्फाच्या पिशव्या आणि त्यांच्यामध्ये जपून ठेवलेलं औषध असतं. शेअर रिक्षात मांडीवर मला बघून लोक हमखास विचारतात, "मासळी काय?" साबिया हसून मान हलवते.

पिंपरीच्या दवाखान्यात सलाइनमधून ते औषध हळूहळू जातं. मी खाटेशेजारी असते. पहिल्याच दिवशी डॉक्टर रश्मींनी समजावलं होतं, "हनीफभाई, तुमचं लिव्हर म्हणजे एक वर्कशॉप समजा. मूळ ड्रॉईंगमध्येच चूक आहे, म्हणून तिथं तयार होणारं एक प्रोटीन सदोष निघतं आणि नसांवर, हृदयावर साचत जातं. हे औषध मूळ ड्रॉईंगला हात लावत नाही. मशीनवर जी त्याची कॉपी जाते, तेवढी फाडून टाकतं. कॉपी नाही, तर मशीनवर जॉबच बनत नाही."

हनीफभाईंनी थोडा विचार केला. "आणि जो खराब माल आधीच साचलाय?"

"तो सहसा निघत नाही. नवा कमी साचेल. गेलेलं सगळं परत येईल असं मी सांगणार नाही. आणि कॉपी रोज नवी निघते, म्हणून औषध चालूच ठेवावं लागेल."

मला बाई आवडल्या. खोटी आशा त्यांनी दिली नाही.

पण हनीफभाईंनी एक गोष्ट साबियापासून लपवली होती. हा दोष मुलांत उतरू शकतो. तिचं लग्न दिघीच्या शहेबाजशी ठरलं होतं, तिथं त्याचं गॅरेज आहे. "लग्न होऊ दे, मग सांगू," असं ते डॉक्टरांना म्हणत. डॉक्टर दर वेळी एकच सांगत, "तिला आधी कळायला हवं. आणि ते तुम्हीच सांगायचं."

शेवटी एकदा सलाइन चालू असताना ते बोलले. सगळं सांगून झाल्यावर भिंतीकडे तोंड केलं.

साबिया म्हणाली, "अब्बू, मला माहीत होतं. मी वाचलं होतं सगळं. तुम्ही कधी सांगताय, याची वाट बघत होते."

तिनं तपासणी करून घेतली. दोष तिच्यातही निघाला. त्या दिवशी हनीफभाई रडले. "हे मी दिलं तुला," एवढंच म्हणत राहिले.

"दादांना, तुमच्या अब्बांना, तर आपल्या आजाराचं नावही कळलं नव्हतं," ती म्हणाली. "मला अजून काही झालेलं नाही आणि नाव माहीत आहे. हे पण तुमच्यामुळेच ना?"

शहेबाजला तिनं स्वतःच सांगितलं. मग बरेच दिवस त्याच्या घरून निरोप नव्हता. हनीफभाईंनी विचारणं सोडून दिलं.

पुढच्या खेपेला मला न्यायला शहेबाज आला. साबियाची शिफ्ट होती. दवाखान्यात त्यानं डॉक्टरांना विचारलं, "साबियाला हे औषध कधी लागेल?"

"कदाचित कधीच नाही. लक्ष ठेवायचं. पहिली खूण दिसली की लगेच यायचं."

तो हनीफभाईंच्या खाटेशी बसला. "चाचा, अम्मीला वेळ लागतोय. तिला घाबरायचा हक्क आहे. पण माझं ठरलंय." हनीफभाईंनी सुई नसलेला हात त्याच्या हातावर ठेवला.

त्यांचे पाय अजून बधिरच आहेत, पण बधिरपणा गुडघ्याच्या वर सरकलेला नाही. वर्कशॉपमध्ये ते स्टुलावर बसून काम करतात. शर्टाची बटणं स्वतः लावतात. पूर्वी बोटांना तेही जमेनासं झालं होतं. शहेबाजच्या अम्मी अजून बोललेल्या नाहीत.

माझंही वय झालंय. झाकणाला चीर गेलीय, पट्टा दोनदा शिवलाय. मी गेले तर दुसरी पेटी मिळेल, त्याचं काही नाही. जायच्या आधी एवढंच मागते. तुमच्या घरात कुणाचे पाय असेच बधिर होत असतील, तर "त्यांच्या वडिलांचंही असंच होतं" म्हणून गप्प बसू नका. तेच वाक्य जाऊन डॉक्टरांना सांगा.