पट्टी पट्टी करून नेलेला आवाज

मी एक जुना ॲकॉर्डियन आहे. पट्ट्या पिवळ्या पडल्या आहेत, खांद्यावरचा पट्टा झिजला आहे. मित्रांनो, खरं सांगतो, आता थकलो.

एका छोट्या कारखान्यात चष्मेवाल्या कारागिराने माझ्या पोटातली सूर देणारी एकेक पाती कान लावून घासली, भात्याच्या कोपऱ्यांना मऊ चामडं चिकटवलं. तिथून मी मास्तरांकडे आलो. मास्तर म्हणजे माझे वादक. स्टुडिओत सगळे त्यांना याच नावाने हाक मारत.

तेव्हा आम्हाला उसंत नसे. सकाळी एका स्टुडिओत, दुपारी दुसऱ्या. भाता ओढून झाला की दाबावा लागतो, आणि दिशा बदलताना सूर किंचित तुटतो. मास्तर ती जागा गायिकेच्या श्वासाशी जुळवत. तिने श्वास घेतला की मीही घेई. "मास्तर, तुमचा भाता दिसतो, पण ऐकू येत नाही," असं संगीतकार कौतुकाने म्हणत.

पुढे गाणी घरातल्या कॉम्प्युटरवर तयार होऊन थेट इंटरनेटवर जाऊ लागली. आमची बोलावणी रोडावली. त्याच सुमारास एक गोडबोल्या माणूस आला.

"मास्तर, एकेक सूर सुटा वाजवून द्या, मी रेकॉर्ड करून इंटरनेटवर ठेवतो. हळू, जोरात, लांब, आखूड. जगभर पोचाल!"

मास्तर हरभऱ्याच्या झाडावर चढले. आठवडाभर आम्ही एकेक पट्टी दाबत बसलो. गाणं नाही, ताल नाही. माझा जीव मेटाकुटीला आला. मास्तरांना वाटलं, हा नमुना ऐकून लोक बोलावतील. लोकांचं काम नमुन्यावरच भागलं. माझे सूर कोणीही इंटरनेटवरून उतरवून घेई आणि बसल्या जागी गाण्यात जोडून टाकी. आम्हाला कोण कशाला बोलावतो?

एकदा शेजाऱ्यांकडे गाणं लागलं. मास्तरांच्या हातातला चहा तसाच राहिला.

"अगं, हा आपलाच आवाज! पण भाता कुठे उलटतोय? हा बुवा श्वासच घेत नाही!"

"अहो, मग खरं कसं असतं ते ऐकवा की लोकांना," बायको म्हणाली.

मुलीने फोन उभा केला. मास्तरांनी इस्त्रीचा शर्ट घातला. "यातूनही काम आलं नाही, तर हा विकून टाकू," ते म्हणाले. त्या दिवशी आम्ही जीव ओतून वाजवलं.

व्हिडिओ पुष्कळांनी पाहिला. एकाने लिहिलं, "काका, कुठलं ॲप वापरता? आवाज अगदी खरा वाटतो!"

मुलगी हसली. मास्तर हसले नाहीत. "लिही, ॲप नाही. मी स्वतः वाजवतोय."

लगेच उत्तर आलं. "हो काका, ॲक्टिंग मस्त करता! पण ॲपचं नाव सांगा ना."

काम काही आलं नाही. मास्तर मला जुन्या वाद्यांच्या दुकानात घेऊन गेले. दुकानदाराने भाता चाचपला. "वाजतो ना नीट? जरा वाजवून दाखवता?"

मास्तरांचा हात पट्ट्यांपर्यंत आला आणि मागे गेला.

"इंटरनेटवर आहे," ते म्हणाले. "तिथेच ऐका."

मित्रांनो, माझ्यावरची धूळ काय, दुकानदार पुसतो. पण एखादं गाणं आवडलं, तर ते वाजवलं कोणी एवढं विचारत जा. आणि जमलं तर त्या माणसाला बोलवा. मास्तर अजून घरीच असतात.