मांडी घालायचा गुडघा

तेजस्वी दिवसभर नकली गुडघे झिजवायची आणि संध्याकाळी घरी येऊन आईच्या खऱ्या गुडघ्यांना तेल चोळायची. अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या प्रयोगशाळेत तिचं संशोधन हेच. धातूचा आणि प्लास्टिकचा सांधा यंत्रात बसवायचा, वर पातळ वंगण सोडायचं, माणूस चालतो तसा तो वाकवत ठेवायचा आणि मग प्लास्टिक कुठे झिजलं ते बघायचं. माणसाचं कित्येक वर्षांचं चालणं यंत्र काही आठवड्यांत उरकून टाकायचं. एवढी शिकलेली पोर, पण स्वतःच्या आईला ऑपरेशनला तयार करणं काही तिला जमेना.

आई म्हणजे पालेगावच्या पुतळाबाई. आगरी लग्नात धवले गाणारी धवलारीण. हळदीला नवरीशेजारी जमिनीवर मांडी ठोकून बसायचं आणि देवांना आवतण द्यायचं, ही त्यांच्या आईपासूनची रीत. आता गुडघ्यांची अशी वाट लागली होती की भिंत धरल्याशिवाय मोरीपर्यंत जाता येईना. डॉक्टर म्हणाले, गुडघे बदलू, पण नंतर जमिनीवर बसायचं विसरा. झालं! बाई फणकारल्या. "खुर्चीत बसून धवला म्हनू? मी काय भाषन कराला जाते?"

त्यांच्या थोरल्या मुलाच्या, हरेशच्या मुलीचं, जिज्ञासाचं लग्न वैशाखात ठरलेलं. त्याने आपली शक्कल लढवली. "डॉक्टर असंच घाबरवतात गो आये. काय नाय होत, बिनधास्त बस खाली," असं आईला सांगून मोकळा झाला. मग बहिणीला बाजूला घेऊन म्हणाला, "तूपण हेच सांग. तुझं ऐकेल ती. एकदा ऑपरेशन होऊ दे, पुढचं पुढे."

तेजस्वीने हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

खंडेनवमीला प्रयोगशाळेत यंत्रांची पूजा असते. पुतळाबाई हट्टाने रिक्षा करून आल्या. त्यांनी हळदीची चिमूट उचलली तशी तेजस्वीने त्यांचा हात धरला. "आये, आत नको. एक कण जरी गेला ना, तर सगळी मेहनत पाण्यात." मग बाईंनी हळद झाकणालाच लावली, झेंडूचा हार घातला आणि यंत्राकडे बराच वेळ बघत राहिल्या.

"ह्यो नुसता चालतंय. खाली बसत नाय?"

"नाही. चालायचीच चाचणी असते."

"मग मना ह्याला बसवून दाखव."

तेजस्वीच्या मनात हे कधीपासून होतं. प्रयोगशाळेच्या सरांना विचारायचा तेवढा धीर होत नव्हता, तो आता आला. सरांनी परवानगी दिली. आईच्या पायांना हालचाल टिपणारे पट्टे बांधून तेजस्वीने तिचं बसणं-उठणं मोजलं. बाई कण्हत होत्या, मधूनच लेकीला शिव्याही घालत होत्या. तेच बसणं यंत्राला शिकवलं आणि दिवाळीभर ते चालू ठेवलं. हा गुडघा टिकू दे, एवढंच ती रोज मनात म्हणायची. संशोधकाने असं म्हणू नये, पण आई एकच असते.

यंत्र उघडलं तेव्हा प्लास्टिकची मागची कड खाल्ल्यासारखी झाली होती. पापुद्रे सुटले होते. तेजस्वी तिथेच स्टुलावर बसून रडली.

"कोणाला कळतंय?" हरेश फोनवर म्हणाला. "टिकला म्हण ना. आईच्या भल्यासाठीच सांगतोय."

खोटं बोललं तर आई चालायला लागली असती. खरं बोललं तर बहुतेक कायमची खाटेवर. रस्ताभर तेजस्वीच्या डोक्यात हेच घोळत होतं. घरी आल्यावर तिने तो झिजलेला प्लास्टिकचा तुकडा आईच्या हातावर ठेवला.

"नाही टिकला, आये. चालायला चांगला आहे, जिनाही चढशील. पण रोज मांडी घातलीस तर असा होईल."

पुतळाबाईंनी कडेवरून नख फिरवलं. तेजस्वीला वाटलं, संपलं.

"हरेश बोलला काय नाय होत, तवा मना भ्या वाटलं," त्या म्हणाल्या. "मनात बोलले, ह्यो मना फसवून टेबलावर निजवतंय. आता कसं, काय मोडनार ते तरी ठावं झालं."

"मग धवला?"

"उभ्यानं म्हनेन. देव काय माजी मांडी बघाला येतान?"

तेजस्वीला हसूही आलं आणि रडूही. पुतळाबाईंनी तुकडा तिच्या हातात परत दिला.

"रडतेस काय, बाय? डॉक्टरला फोन लाव."