एक खुंटी रिकामी होती

आटपाट डोंगर होता. डोंगराच्या पोटात गुहा होती. गुहेच्या तोंडाशी दोन खोल्यांचं दगडी घर होतं. घरात होते एक आजोबा, आजोबांची विधवा सून, सुनेची लेक टिटवी, आणि दाराबाहेरच्या भिंतीवर होते मी. चाळीस खुंट्यांची लाकडी फळी. मीच बोलतेय. आणि आधीच सांगून ठेवते, मी रागात आहे, तेव्हा माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

मला अक्षर येत नाही. अंगावर चाळीस आकडे कोरलेत, त्यातला एकही मला वाचता येत नाही. पण कुठली खुंटी भरलेली आणि कुठली रिकामी, हे मला झोपेतसुद्धा कळतं. तेवढं कळलं की माझं काम झालं. शिकलेल्यांना एवढंही कळत नाही, हेच तर माझं रडगाणं आहे.

मी मुळात दार होते. खाणीतल्या दिव्यांच्या खोलीचं दार. खाली उतरणारा प्रत्येक माणूस त्या खोलीतून दिवा घ्यायचा आणि भिंतीवरचा आपला पितळी बिल्ला काढून गळ्यात घालायचा. वर आला की दिवा परत, बिल्ला परत. ज्याची खुंटी रिकामी, तो अजून जमिनीखाली.

एकदा खाणीत माती ढासळली. मुकादम म्हणाला, "आले सगळे वर." दिवे सांभाळणारा म्हातारा म्हणाला, "एक खुंटी रिकामी आहे." मुकादम ओरडला, शिव्या दिल्या, पण म्हातारा जागचा हलेना. शेवटी खणलं, आणि एका शिळेच्या आडोशाला आजोबा जिवंत सापडले. तेव्हा ते आजोबा नव्हते, नुकती मिसरूड फुटलेला गडी होते.

पुढे खाण बंद पडली. जाताना कुणी फावडं उचललं, कुणी घमेलं. आजोबांनी मला उचललं आणि पाठीवर घेऊन चालू लागले. लोक हसले. "अरे, घराचा पत्ता नाही आणि दार घेऊन कुठं चाललास?"

आजोबा इथं आले, गुहा दाखवायच्या कामाला लागले. मला रंधा मारला, खुंट्या ठोकल्या, बिल्ले टांगले आणि घरात एक नियम घातला: फळी भरल्याशिवाय या घरात कुणी जेवायचं नाही. मग पोटात कावळे ओरडोत की डोळ्यांपुढं अंधारी येवो. शेवटचा बिल्ला खुंटीवर टक् करून बसला, की आतून हाक यायची, "ताटं घ्या गं!"

आता माणसांचे गुण ऐका. माझ्यावर ओले मोजे वाळत घातलेत. एकानं माझ्या कोपऱ्यावर बाण आणि बदाम कोरला, आणि ज्या मुलीसाठी कोरला ती पुढच्या वर्षी दुसऱ्याच मुलाबरोबर आली. ते मी सोडून दिलं. पण पहिल्या ओळीतली शेवटची खुंटी मी विसरणार नाही. एक गृहस्थ गुहा बघून गेले, आणि तो बिल्ला आठवण म्हणून खिशात घालून गेले. इथं खुंटी रिकामी! आजोबांचं वय तेव्हा सत्तर. दिवसभर ते त्या गुहेत चिखलातून सरपटत एका माणसाला हाका मारत राहिले, आणि तो माणूस आपल्या घरी किल्ल्यांना माझा बिल्ला अडकवत होता. आजोबांचा गुडघा त्या दिवशी जो गेला तो गेलाच. त्या खुंटीवर मग डब्याच्या झाकणाचा बिल्ला कापून लावला. दोन वर्षांनी आजोबाही गेले. जाताना सुनेला म्हणाले, "फळीशी वाद घालू नकोस."

सुनेनं काम पुढं चालवलं. गुहेतलं वळण नि वळण तिला पाठ. पण मागच्या महिन्यात कचेरीतून कागद आला. टिटवीनं वाचून दाखवला. यापुढं गुहा दाखवायला किमान दहावी झालेला माणूस हवा. महिनाअखेर प्रमाणपत्र दाखवा, नाहीतर खोल्या रिकाम्या करा. सून चौथीपर्यंत शिकलेली. टिटवीच्या दहावीला अजून वर्ष. सून कचेरीत साहेबांना भेटून आली, तर साहेब म्हणाले, "बघतो. पण तुमच्याबद्दल एक जरी तक्रार आली ना, तर माझ्या हातात काही राहणार नाही." कागद घडी करून डब्यात ठेवला, आणि त्या दिवसापासून त्या घरात कुणी मोठ्यानं हसलं नाही.

महिना संपायला दहा दिवस उरले होते तेव्हा ती सहल आली.

तीस मुलंमुली, बरोबर एक सर. बस पायथ्याशी ठेवून दोन तास चढून आलेले. सगळ्यांच्या डोक्यावर एकसारख्या पिवळ्याधमक टोप्या. सरांच्या गळ्यात शिट्टी. सगळ्यात पुढं एक पोरगा, त्याला सगळे भोंगा म्हणत. का, ते तो खालच्या वळणावर होता तेव्हाच मला कळलं होतं. सगळ्यात मागं जाड भिंगांची एक अबोल मुलगी, चष्मिस. तिच्या पाठीवर स्वतःची पिशवी आणि दोन्ही हातांत मैत्रिणींच्या पाण्याच्या बाटल्या. मैत्रिणी हात हलवत मोकळ्या चालत होत्या.

सून बिल्ले वाटू लागली.

"सर, हॉटेल दिसतंय!" भोंगा ओरडला. "रूमच्या किल्ल्या देतायत!"

"हॉटेलच आहे बाबा," सून म्हणाली. "आत झोप लागली तर उठवायला मीच येते. घाल गळ्यात."

सरांनी आपला बिल्ला दोन बोटांत धरला, पाल धरावी तसा. "अहो बाई, या जमान्यात हे काय पत्र्याचे तुकडे?"

"पितळ आहे सर. गळ्यातच ठेवा."

तेवढ्यात चष्मिस टिटवीपाशी आली. "माझी टोपी ठेवशील? आत पाण्यात पडेल." टिटवीला ती टोपी इतकी आवडली की तिनं ती लगेच स्वतःच्या डोक्यावर चढवली. चष्मिसनं तिसऱ्या ओळीतल्या चौथ्या खुंटीवरचा बिल्ला काढला, तोही अलगद. चाळीस वर्षांत मला इतक्या हळू हातानं कुणी स्पर्श केला नव्हता.

आमच्या घरची रीत अशी, की परत येताना वाटाड्यानं शेवटी राहायचं. पण आत गेल्यावर सरांनी मोडता घातला. "निम्मी मुलं घेऊन तुम्ही निघा, उरलेली मी आणतो. उशीर होतोय." सून नको म्हणाली, पण डब्यातला कागद तिला आठवला असणार, कारण ती ऐकून बसली. हे तिनंच नंतर टिटवीला सांगितलं. आणि सर कसे आले? मुलांना मागं ठेवून स्वतः सगळ्यांच्या पुढं, घड्याळ बघत!

बिल्ले परत येऊ लागले. टक्, टक्, टक्. मुलांनी डबे उघडले, हसणं-खिदळणं सुरू झालं. पण तिसऱ्या ओळीतली चौथी खुंटी रिकामी होती.

सरांनी शिट्टी फुंकली. हवेत बोट नाचवत मोजलं. "तीस. चला, उन्हं कललीत, अंधाराच्या आत बसपाशी पोचायचंय."

"थांबा सर," सून म्हणाली. "एक खुंटी रिकामी आहे."

"कुणीतरी बिल्ला खिशात घातला असेल. ए, कुणी घेतलाय? देऊन टाका."

खिसे उलटे झाले. खडे निघाले, अर्धा कंगवा निघाला, चघळून कागदात गुंडाळलेला गोळा निघाला. बिल्ला नाही.

"मग पडला असेल आत. तीस मुलं आणली, तीस उभी आहेत. मी पंधरा वर्षं सहली काढतोय बाई, मला मोजता येतं. तुमची शाळा किती झालीय?"

सुनेनं खाली बघितलं. "चौथी."

"मग?"

त्या 'मग'नं माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या खुंट्या हातासारख्या उचलता आल्या असत्या ना, तर चाळीसही त्या दिवशी कामी आल्या असत्या.

"मग काही नाही सर," सून म्हणाली. "खुंटी रिकामी आहे."

"तुमच्या साहेबांना ओळखतो मी. या मुलांना माझ्यावर अंधारात डोंगर उतरवायची वेळ आली, तर लेखी तक्रार करीन."

टिटवी आईच्या कानाशी लागली. "आई, दहाच दिवस राहिलेत गं. राहू दे ना."

सून घराच्या दाराकडं बघत राहिली. दोन खोल्या, चूल, खिडकीतली मायलेकींची कपड्यांची दोरी. मग म्हणाली, "टिटवे, दिवा आण."

आणि मग सरांनी जे केलं, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. खिशातून आपल्या किल्ल्यांचा जुडगा काढला आणि त्या रिकाम्या खुंटीवर अडकवला. "घ्या. भरली तुमची फळी. जेवा आता."

पोरं फिदीफिदी हसली. इतक्या वर्षांत माझ्यावर मोजे वाळले, बदाम कोरले गेले, पण माझ्या अंगावर खोटं कुणी टांगलं नव्हतं.

सुनेनं किल्ल्या काढल्या आणि सरांच्या तळहातावर ठेवल्या. "हे माणूस नव्हे सर." एवढंच बोलली. आपला बिल्ला गळ्यात घातला, दिवा पेटवला आणि आत गेली.

"चला रे, रांगेत!" सर गरजले. टिटवी धावत जाऊन पायवाटेवर हात पसरून उभी राहिली. "कुणी हलायचं नाही!"

"बाजूला हो पोरी. परत मोजून दाखवतो, मग तर समाधान?" सर रागारागानं एकेकासमोर बोट रोखत निघाले. "एक, दोन, तीन..." रांगेच्या शेवटी आले. "एकोणतीस... तीस!"

तिसावं बोट टिटवीच्या नाकासमोर थांबलं होतं.

"सर," टिटवी म्हणाली, "मी तुमची नाही. मी इथलीच."

सर तिच्या डोक्याकडं बघत राहिले.

"ही टोपी कुणाची?"

"त्या चष्म्यावाल्या मुलीची."

सरांनी टोप्या मोजल्या होत्या! पंधरा वर्षांचा अनुभव, आणि मोजल्या काय, तर टोप्या! आणि त्या मैत्रिणी? सकाळपासून जिच्याकडून बाटल्या वाहून घेतल्या, ती शेवटची कुठं दिसली, हे एकीला सांगता येईना. एक म्हणाली, "मला वाटलं ती तुझ्याबरोबर आहे." दुसरी म्हणाली, "मला वाटलं तुझ्याबरोबर." तहान लागली असती तर बरोबर आठवण झाली असती.

सर गुहेकडं धावले. टिटवीनं त्यांची बाही धरली. "आधी बिल्ला घ्या."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्या दिवसात पहिल्यांदाच. दोन्ही हातांनी बिल्ला काढला आणि गळ्यात घातला.

टिटवीनं त्यांच्या हाती दुसरा दिवा दिला. "पहिल्या वळणावर हा धरून उभे राहा. पुढं जायचं नाही. आई उजेड बघून येते."

आता माझ्या तीन खुंट्या रिकाम्या होत्या. एक सुनेची, एक सरांची, एक त्या मुलीची. भोंगा माझ्यासमोर उकिडवा बसला होता. बोटानं माझ्या खुंट्या मोजायचा, शेवटपर्यंत जायचा, पुन्हा पहिल्यापासून. सावली माझ्या खालच्या काठावरून वर दुसऱ्या ओळीपर्यंत चढली.

मग आतून पावलं वाजली. आधी दिवा, मग सर, मग चिखलानं माखलेली ती मुलगी, आणि सगळ्यांच्या मागं, आमच्या रीतीप्रमाणे, सून.

मुलगी पाण्याच्या डबक्यापाशी वाकली होती, तेव्हा चष्मा आत पडला. चाचपत राहिली, तोवर सगळे पुढं गेले. दोनदा हाक मारली, पण पुढं भोंग्याचं गाणं चालू होतं. मग तिला सुनेनं आत जाताना सांगितलेलं आठवलं: चुकलात तर जागचं हलू नका, खुंटी रिकामी दिसली की मी येते. ती तिथंच गुडघे पोटाशी घेऊन बसली.

"भीती नाही वाटली?" टिटवीनं विचारलं.

"वाटली ना. पण बिल्ला माझ्या गळ्यात होता."

सरांनी आणि सुनेनं आपापले बिल्ले लावले. मुलीला चष्म्याविना खुंटी दिसत नव्हती. हातानं चाचपत आली. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. कुणीतरी मदतीला सरसावलं, तर सून म्हणाली, "तिचं तिला करू दे." बोटं चौथ्या खुंटीवर थांबली. टक्.

सुनेनं दिवा विझवला. मग म्हणाली, "टिटवे, ताटं घे गं."

त्या दिवशी मुलांना डोंगर उतरवायला मायलेकी दिवे घेऊन बसपर्यंत गेल्या.

सरांनी लेखी द्यायचं म्हटलं होतं, ते त्यांनी दिलं. कचेरीतून त्याची नक्कल आली, टिटवीनं माझ्यासमोर उभं राहून मोठ्यानं वाचली. 'मी टोप्या मोजल्या. चौथी शिकलेल्या बाईंनी माणूस मोजलं. मी त्यांचं ऐकलं नाही, वर त्यांचा अपमान केला.' खाली सरांची सही, आणि त्याखाली तीस मुलांच्या. भोंग्याची सहीसुद्धा सगळ्यात मोठी. एवढं लिहायला छाती लागते, म्हणून सरांवरचा माझा राग निम्मा गेला. निम्मा ठेवलाय.

दहावीची अट सुनेपुरती रद्द झाली. खोल्या राहिल्या. आणि पुढचं ऐका. जिल्ह्यातल्या सगळ्या गुहांच्या तोंडाशी अशी फळी लावायची असं ठरलं, आणि ती कशी सांभाळायची ते शिकवायला कुणाला नेमलं? आमच्या सुनेला! आता महिन्यातून एकदा पदवीवाली माणसं वह्या घेऊन अंगणात बसतात, आणि ही पदर खोचून त्यांना सांगते, "आधी लिहा. फळीशी वाद घालायचा नाही."

तुम्ही याल, तर माझ्यावर मोजे टांगू नका. आणि पहिल्या ओळीतला तो पितळी बिल्ला ज्यांच्या किल्ल्यांना लटकतोय त्यांनी लाज असेल तर आणून द्या, मी ओरडणार नाही. फार ओरडणार नाही.

आज एक शाळा येऊन गेली. शेवटचं पोर आत्ताच बिल्ला लावून पळालं. चाळीसच्या चाळीस भरल्यात. आत ताटांचा आवाज येतोय, टिटवी काहीतरी बडबडतेय, आणि तिची आई मोठ्यानं हसतेय.