तपासणीची तारीख

त्या गुरांवाल्या माणसाला सगळी पंचक्रोशी मामा म्हणायची, आणि त्यांच्या सख्ख्या मुलीला लहानपणापासून त्याची चीड होती. "सगळ्यांचे मामा, मग माझे बाबा कधी?" असं ती एकदा आईला म्हणाली होती. आई हसून म्हणाली होती, "सगळ्यांनी मिळून मामा बनवलाय गं त्यांचा!"

मामांची दीडशे गुरं होती, टेकडीमागे मोठं कुरण होतं, आणि त्याहून मोठा दुसऱ्यांच्या कामांचा पसारा होता. कोणाच्या गाईच्या पोटात वासरू आडवं आलं की मामांना बोलवा. गुरांचा डॉक्टर येईपर्यंत अर्धा दिवस जायचा. मामा बाही खांद्यापर्यंत सारून तासाभरात गाय मोकळी करायचे. पूल वाहून गेला त्या वर्षी शाळेतली मुलं अडीच महिने त्यांच्याच ट्रॉलीतून लांबच्या रस्त्याने शाळेला गेली. गवताला आग लागली की पाण्याचा टँकर घेऊन सगळ्यात आधी मामा हजर.

फोन मामी उचलायच्या. कुठे, कोणाकडे, किती घाई, एवढं विचारायच्या आणि गोठ्याकडे तोंड करून हाक मारायच्या. मामा निघून गेले की राहिलेल्या गाईंचं दूध काढायला स्वतः बसायच्या. "लष्कराच्या भाकऱ्या भाजायला गेलेत," असं म्हणायच्या, पण म्हणताना मान ताठ असायची.

उन्हाळ्यात मामींचं पोट दुखायला लागलं. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात तपासणीची तारीख मिळाली, मंगळवारी सकाळी. मामींनी नवी चप्पल घातली, कागदांची पिशवी घेतली, मामांनी जीप पुसली. तेवढ्यात फोन वाजला. शिंप्याच्या घरामागचं गवत पेटलं होतं, वारा घराच्या दिशेने होता, आणि शिंपी बाहेरगावी. घरात त्याची बायको आणि दोन लहान मुली.

मामी म्हणाल्या, "जा तुम्ही. मला पुढची तारीख मिळेल."

घर वाचलं. पुढची तारीख सात आठवड्यांनी मिळाली. तोवर दुखणं यकृतापर्यंत पोचलं होतं. चार महिन्यांत मामी गेल्या.

मुलगी शहरात नर्स होती. सात आठवडे म्हणजे काय, हे तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. "दवाखान्यानंच तारीख बदलली," असं आईने तिला फोनवर सांगितलं होतं, आणि तिने विश्वास ठेवला होता. आई गेल्यावर कपाट आवरताना दवाखान्याचा कागद हाती लागला. त्यावर त्या मंगळवारच्या तारखेपुढे लिहिलं होतं, 'रुग्ण आले नाहीत.' तिने वडिलांना एकच प्रश्न विचारला, "त्या दिवशी कुठे होतात?" मामांनी सांगितलं. ती त्याच दुपारच्या बसने परत गेली. नंतर दोन महिने तिने फोन केला नाही.

मग शाळेच्या हेडबाईंचा फोन आला. गावाने मामांचा सत्कार करायचं ठरवलं होतं. "नको नको म्हणतायत, पण आम्ही ऐकणार नाही. तू दोन शब्द बोलशील ना गं?"

"बोलेन," ती म्हणाली. काय बोलायचं, ते तिचं तेव्हाच ठरलं होतं. ह्या सेवेची किंमत कोणी मोजली, ते सगळ्यांना एकदा कळू दे.

रविवारी सकाळी शाळेचा हॉल भरून गेला होता. बाकं कमी पडली म्हणून माणसं खिडक्यांत बसली होती. मामा खुर्चीच्या कडेला अवघडून बसले होते, इस्त्रीच्या शर्टात, गळ्यापर्यंत बटणं लावून. हेडबाईंनी पितळी पाटी वाचून दाखवली, टाळ्या झाल्या आणि मुलीचं नाव पुकारलं गेलं.

ती माईकसमोर उभी राहिली. पहिल्याच बाकावर शिंप्याची बायको होती, आणि तिच्या दोन बाजूंना एकाच कापडातले फ्रॉक घातलेल्या दोघी मुली. धाकटी वेणीचं टोक चघळत तिच्याकडे टक लावून बघत होती.

तोंडाशी आलेलं वाक्य तिथेच अडकलं. हॉलमध्ये कोणीतरी खोकलं. तिने वडिलांकडे पाहिलं. ते खाली फरशीकडे बघत होते, मार खायला उभ्या राहिलेल्या माणसासारखे.

"तुम्ही फोन करायचात," ती अखेर म्हणाली, "तेव्हा तो माझी आई उचलायची. चाळीस वर्षं. त्या पाटीवर तिचं नाव नाही."

एवढं बोलून ती खाली उतरली. टाळ्या वाजल्या नाहीत. मागून कोणीतरी हुंदका दिला. हेडबाईंनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि म्हणाल्या, "चूक झाली गं. पाटी बदलू."

दोघं जीपमधून घरी आले. फाटकाशी मामांनी इंजिन बंद केलं, पण उतरले नाहीत.

"मी सगळं सांगणार होते, बाबा."

"माहीत होतं मला."

"मग मला बोलू का दिलंत?"

"तुझा हक्क होता तो." त्यांनी जीपची किल्ली काढून हातात धरली. "तुला एक सांगतो. ती जा म्हणाली, हे खरं. पण त्याच्या आदल्या दिवशी मी तिला गोठ्याच्या भिंतीला धरून वाकलेलं पाहिलं होतं. दुधाची बादली उचलवत नव्हती तिला. मला कळलं होतं गं. कळूनसुद्धा गेलो. दोन पोरी होत्या आत. आज पुन्हा तसाच फोन आला तर मी काय करेन, ते मलाही सांगता येत नाही."

रागवायची तयारी करून आलेल्या माणसाला रडू आलं की त्याची जी दशा होते, ती तिची झाली होती. माफ केलं, असं म्हणणं तिला खोटं वाटलं असतं. तिने म्हटलंही नाही.

टेकडीकडून गुरं पाण्यासाठी खाली यायला लागली होती. मामा उतरले, दोन पावलं चालले आणि गुडघा धरून थांबले. त्यांचा गुडघा इतका गेलाय, हे तिने आत्ता पहिल्यांदा पाहिलं.

"बसा तिथे," ती म्हणाली. "हौदाचा नळ कुठे असतो आता?"

"बदललाय. डाव्या हाताला."

तिने चपला काढल्या, सलवार वर खोचली आणि चिखलातून हौदाकडे निघाली. तिची परतीची बस तासाभराने होती. ती बस निघून गेली, तरी तिने मान वर करून पाहिलंही नाही.